काही नवीन नाही, हे सांगायला फोन केला

जगाचा कारभार विश्वासावर चालतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. आमच्या केंद्राच्या मोठ्या खोलीत पाऊल टाकलं की त्याची प्रचिती येते. समोरची अख्खी भिंत पडद्यांनी भरलेली आहे आणि त्यांवर शहराच्या सगळ्या जाळ्याचा नकाशा आहे. रुग्णालयं, बँका, शाळा, पाणीपुरवठा, प्रत्येकाचा एक ठिपका. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे कुरकुरतंय, लाल म्हणजे बंद. उजवीकडचा वरचा पडदा मात्र दोन वर्षांपासून काळाच आहे. त्या भागात सगळं सुरळीत चालू असतं, असा आमचा विश्वास आहे.

शहराचं इंटरनेट जिथून सांभाळलं जातं ती ही जागा. बाहेरच्यांना वाटतं, इथे शास्त्रज्ञ बसत असतील. प्रत्यक्षात एका पाळीला पाच माणसं बसतात. त्यातला एक काम करतो आणि उरलेले चौघं, तो काम करतोय हे जगाला कळवत असतात. ही थट्टा नाही, रचनाच तशी आहे. बिघाड झाला की जो दुरुस्ती करतो त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, आणि जो बोलतो त्याने दुरुस्तीला हात लावायचा नाही. दोन्ही एकाच माणसाने करायला घेतलं की ना तार जुळते ना वाक्य.

आमच्याकडे दुरुस्ती मुनी करतो. मुनी हे त्याचं खरं नाव नव्हे, पण पगाराची वेळ सोडली तर खरं नाव कोणी वापरल्याचं ऐकिवात नाही. दिवसभरात तो मोजून तीन-चार शब्द बोलतो आणि त्यातला एक ‘चहा’ असतो. बोलायचं काम ताईंकडे. ताई पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज किंचित घोगरा, घाई कशाचीच नाही. आग लागली तरी त्या ‘आग लागली आहे, सावकाश उठा’ असंच म्हणतील.

ताईंची एक पद्धत होती. बिघाड झाला की बाकीच्या केंद्रांतून ग्राहकाला दोन फोन जातात. बंद पडलंय हा पहिला, चालू झालंय हा दुसरा. मधल्या काळात ग्राहकाने काय करायचं याबद्दल कुठल्याच नियमावलीत चकार शब्द नाही. ताई मधल्या काळातही दर अर्ध्या तासाने फोन करायच्या.

“ताई बोलतेय. काही नवीन नाही. माणूस कामाला लागलाय. अर्ध्या तासाने परत सांगते.”

बस, एवढंच. सुरुवातीला लोक वैतागले. पाणीपुरवठ्याचे अभियंते तर म्हणाले होते, “अहो बाई, काही नवीन नाही तर फोन कशाला करता?”

“काही नवीन नाही, हे तुम्हाला कुठे माहीत होतं?” ताई म्हणाल्या.

अभियंते विचारात पडले. ते बहुधा अजून त्यातून बाहेर आलेले नाहीत, पण फोन मात्र नेमाने उचलू लागले.

ही युक्ती ताईंना कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नव्हती. बाबांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, ऑपरेशन झालं तेव्हा त्या दाराबाहेर बाकावर बसून होत्या. आत काय चाललंय, कोणी सांगेना. मग एक नर्स मधूनमधून दार किलकिलं करून म्हणू लागली, “अजून चालू आहे हो. सांगण्यासारखं काही नाही.” सांगण्यासारखं काही नसताना येऊन सांगणारं माणूस ताईंनी पहिल्यांदाच पाहिलं. ऑपरेशन चांगलं झालं. सर्जनचं नाव ताई विसरल्या, त्या नर्सचा चेहरा नाही विसरल्या.

बाबा आता ऐंशीच्या घरात. बापलेक दोघंच राहतात, केंद्राच्या मागच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याला कठडा आहे, लिफ्ट नाही. मधल्या सुट्टीत ताई घरी जाऊन त्यांना जेवायला वाढतात, गोळी हातावर ठेवतात आणि परत येतात. शिवाय सकाळी बाबांचा एक फोन केंद्रात येतोच. आमच्याकडे सगळे फोन मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जातील असे ठेवायची शिस्त आहे, म्हणजे एकच गोष्ट पाच जणांना पाच वेळा सांगावी लागत नाही. त्या शिस्तीपायी आमच्यात कोणाचंच खाजगी असं काही उरलेलं नाही. बाबांचा फोन आम्ही सगळेच ऐकायचो.

“बाबा बोलतोय.”

“बोला बाबा. काही नवीन?”

“काही नवीन नाही. थोरल्याचा फोन आला होता.”

“काय म्हणतो दादा?”

“त्यांच्या लिफ्टला आरसा बसवलाय.”

“बरं. गोळी आहे ना समोर? मी आले की घ्या.”

“घेतो. तुझ्याकडे?”

“काही नवीन नाही.”

थोरला म्हणजे ताईंचा मोठा भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत, सहाव्या मजल्यावर राहतो. बाबांच्या फोनमध्ये त्या लिफ्टचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नसे. ताईंच्या मते बाबांना ती यंत्रांनी भरलेली घरं आवडत नाहीत, म्हणून ते टोमणे मारतात. “मागे दादाकडे महिनाभर राहून आले ना,” त्या आम्हाला सांगायच्या, “तर आल्यावर आठवडाभर एक शब्द बोलले नाहीत. काय बिनसलं कोण जाणे. तेव्हापासून मी त्यांना कुठे पाठवतच नाही.” आम्ही हळहळायचो. मुनीसुद्धा मान हलवायचा.

तर अशी ही चांगली पद्धत. आणि आमच्या मुख्य कार्यालयाला चांगल्या पद्धतींचं भारी वेड.

तिथे ‘उत्तम पद्धतींची देवाणघेवाण’ नावाची योजना आहे. दरवर्षी एक पथक सगळ्या केंद्रांची पाहणी करतं. कुठे काही चांगलं चाललेलं दिसलं की ते करणाऱ्या माणसाला उचलून दोन वर्षांसाठी प्रशिक्षण संस्थेत नेतात, इतरांना शिकवायला. संस्था इथून रात्रभराच्या प्रवासावर. नकार द्यायची सोय नाही, कारण तो सन्मान आहे.

आमच्याकडचे चिठ्ठीवाले काका असेच गेले. तारांच्या प्रत्येक टोकाला ते आपल्या अक्षरात चिठ्ठी लावायचे, ही तार कुठून कुठे जाते ते. पथकाने पाहिलं आणि काकांचं भाग्य उजळलं. आता काका तिकडे वातानुकूलित दालनात चिठ्ठ्यांची छायाचित्रं दाखवतात. इकडे नव्या तारांना चिठ्ठ्या लावणारं कोणी नाही. जुन्या चिठ्ठ्या गळून पडल्या की मुनी त्या उचलून खिशात ठेवतो. का, ते त्याला विचारलेलं नाही, कारण उत्तर मिळणार नाही.

यंदाचं पथक येणार असल्याचं कळलं, त्या दिवशी ताईंनी जेवणाचा डबा न उघडता परत पिशवीत ठेवला. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. माणूस भला, फक्त कुठल्याही संकटात आधी टेबलावरची टाचणी सरळ करतो.

“साहेब, मला नेतील.”

“असं काही नाही ताई.”

“काकांना नेलंच की. मी गेले तर बाबांना कुठे ठेवू? दादाला सहज म्हणून विचारलं, वेळ पडली तर ठेवून घेशील का. तो हो म्हणाला. नाही कशाला म्हणेल? पण मागच्या वेळी ते तिथून कसे आले, ते मी पाहिलंय. ऐंशीच्या माणसाला असं इकडून तिकडे नाही हो करता येत.”

साहेबांनी टाचणी सरळ केली. मग आम्हा सगळ्यांना बोलावलं.

केंद्राच्या इतिहासात एवढी एकदिलाने झालेली दुसरी बैठक नाही. विषय होता, आपण चांगले आहोत हे पथकाला कळू कसं द्यायचं नाही.

“वाईटच दिसू या,” रात्रपाळीचा प्रमुख म्हणाला. हा गडी अंगाने आडवा आणि विचाराने त्याहून आडवा.

“वाईट दिसलो तर केंद्र बंद करतील,” साहेब म्हणाले. “मग ताईंच्या बदलीचा प्रश्न सुटेल, पण तुझाही सुटेल.”

“मग?”

“मध्यम दिसायचं.”

हे सोपं वाटतं, पण वाईट कसं दिसायचं हे कोणालाही उपजत येतं आणि मध्यम दिसायला तयारी लागते. बरंच डोकं खाजवून ठरलं ते असं. खोली झाडायची, पण कोपरे सोडून. प्रश्नाला उत्तर द्यायचं, पण दुसऱ्यांदा विचारल्यावर. आणि मुख्य म्हणजे, त्या दिवशी चुकून बिघाड झालाच तर ताईंनी इतरांसारखे दोनच फोन करायचे. सुरुवातीला एक, शेवटी एक. मधले सगळे बंद.

“जमेल ना ताई?” साहेबांनी विचारलं.

“न करायचंय ना? मग न जमायला काय झालं?”

मुनीने हात वर केला. आम्ही थक्क होऊन त्याच्याकडे पाहिलं.

“ग्राहक?” तो म्हणाला.

“त्यांचं काय? एक दिवस फोन गेला नाही तर कोण लक्षात ठेवतंय,” साहेब म्हणाले. मुनीने हात खाली घेतला. मुनीचा त्या दिवसाचा कोटा संपला होता, त्यामुळे विषयही संपला.

पथक आलं म्हणजे दोन माणसं आली. एक बाई, करड्या केसांच्या, पायात प्रवासाचे बूट, आणि त्यांच्यासोबत एक तरुण गृहस्थ, जे प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत होते. त्यांनी काळ्या पडद्याचाही फोटो काढला. साहेब म्हणाले, “तो शांत विभाग आहे.” बाईंनी साहेबांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि काही लिहिलं नाही. तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं की ही बाई साधी नाही.

सकाळ ठरल्याप्रमाणे मध्यम गेली. पाळी बदलताना एकमेकांना काय सांगता, असं बाईंनी विचारलं. रात्रपाळीचा प्रमुख म्हणाला, “काय राहिलंय ते सांगतो.” बाईंनी पुन्हा विचारल्यावर म्हणाला, “काय झालंय तेही सांगतो.” साहेबांनी समाधानाने मान डोलावली. ताई हाताची घडी घालून बसल्या होत्या. फोन असलेल्या टेबलापाशी हाताची घडी घालून बसलेल्या ताई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. नापास व्हायचं ठरवून परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारख्या त्या अवघडल्या होत्या.

आणि मग भिंतीवरचा नदीपलीकडचा अख्खा भाग लाल झाला.

पुलाजवळ रस्ता खोदणाऱ्या यंत्राने जाड तार तोडली होती. असं होतं. रस्ते खोदणारे आणि आम्ही यांचं नातं जुनं आहे. ते तोडतात, आम्ही जोडतो, दोघांचीही घरं चालतात. मुनी उठला, गाडीची किल्ली घेतली आणि चालू लागला. ताईंनी पहिला फोन केला, सगळ्यांना एकेक करून. “पुलापाशी तार तुटली आहे. माणूस निघालाय.” आणि सवयीने पुढचं वाक्य ओठावर आलं, ते त्यांनी गिळलं. परत हाताची घडी.

अर्धा तास झाला. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब टाचणी शोधत होते. बाई सगळ्यांकडे पाहत होत्या.

आणखी थोडा वेळ गेला आणि पहिला फोन वाजला. पाणीपुरवठ्याचे अभियंते.

“ताई आहेत का?”

“बोलतेय.”

“तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मी बरी आहे. का हो?”

“नाही, फोन नाही आला तुमचा. म्हटलं, काय झालं.”

“काही नाही झालं. म्हणजे तार तुटलीये, ते सांगितलं मघाशी.”

“ते कळलं हो. पण त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. मी दोन पंप हाताने चालवायला माणसं पाठवलीत. एवढं मोठं आहे का प्रकरण? खरं सांगा.”

ताईंनी काही म्हणायच्या आत दुसरा फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका. “ताई, तुमचा आवाज ऐकला, बरं वाटलं. मी मुलांना घरी सोडायला सांगितलंय. सोडू ना?” तिसरा बँकेतून. त्यांनी दारं लावून घेतली होती आणि आत अडकलेल्या लोकांना पाणी देत होते. मग रुग्णालयातला नोंदणी कारकून. तो दबक्या आवाजात बोलत होता, जसं काही कोणी ऐकेल. “आम्ही सगळं कागदावर घेतलंय. सुट्टीवरच्या लोकांना बोलावलंय. जनरेटरपाशी माणूस उभा केलाय. ताई, विजेचंही काही आहे का?”

“विजेचं काही नाही.”

“मग तुम्ही गप्प का?”

हा प्रश्न पथकानेही ऐकला. सगळं मोठ्या आवाजात चालू होतं, शिस्तीप्रमाणे. इतकी वर्षं ताईंच्या तोंडून ‘काही नवीन नाही’ ऐकून अर्ध्या शहराला एक गोष्ट पक्की कळली होती. ताई बोलतायत तोवर काळजीचं कारण नाही. त्या गप्प झाल्या, म्हणजे सांगता येऊ नये असं काहीतरी घडलं आहे. त्यांची पद्धत झाकायला आम्ही त्यांचं तोंड बंद केलं, आणि शहराने जनरेटर काढले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त आम्ही हात लपवून करून दाखवलं.

पाचवा फोन बाबांचा होता.

“बाबा बोलतोय.”

“बाबा, आत्ता जरा—”

“शेजारचे विचारतायत. त्यांची मुलगी नदीपलीकडे कामाला आहे. खालच्या मजल्यावरचेही येऊन गेले. मी म्हटलं, तिचा फोन आल्याशिवाय मी काही बोलणार नाही. तुझा काही आला नाही. म्हटलं, आपणच करू.”

“बाबा, तुम्ही ठीक आहात ना?”

“माझ्याकडे काही नवीन नाही. ते सांगायलाच केला.”

ताईंनी हाताची घडी सोडली. साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पुलापाशी तार तुटली आहे, बाबा. माणूस पोचलाय, काम चालू आहे. अजून काही नवीन नाही. शेजारच्यांना सांगा. अर्ध्या तासाने परत सांगते.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि ठेवला.

मग ताईंनी रुग्णालय घेतलं, पाणीपुरवठा घेतला, बँक घेतली, शाळा घेतली. “ताई बोलतेय. काही नवीन नाही.” पुलावर मुनीने तारेचं एक टोकसुद्धा अजून सोललं नसेल, पण फोन वाजायचे थांबले. रुग्णालयाने माणसं परत घरी पाठवली. बँकेने दारं उघडली. पंपांवरची माणसं मात्र तिथेच राहिली, कारण अभियंत्यांना जोखीम घ्यायची नव्हती. दुपार उलटायच्या आत लाल ठिपके हिरवे झाले आणि ताईंनी शेवटचे फोन केले. तरुण गृहस्थांनी हिरव्या भिंतीचा फोटो काढला.

बाईंनी वही मिटली. “हे कोणी सुरू केलं?”

“सवय आहे,” साहेब घाईघाईने म्हणाले. “वाईट सवय आहे. आम्ही मोडायचा प्रयत्न करतोय.”

“दिसलं ते.” बाई ताईंकडे वळल्या. “तुमची बदली झाली तर अडचण काय आहे?”

आमच्यातल्या कोणी बदलीचं अक्षर काढलेलं नव्हतं. ताईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं. तिसरा मजला, मधली सुट्टी, गोळी, दादाकडून आल्यावरचा तो गप्प आठवडा. बाईंनी वही मिटलेलीच ठेवली.

“माझ्या केंद्रात,” शेवटी त्या म्हणाल्या, “पाळी बदलायला पूर्वी तासभर लागायचा. मी तो पाच-दहा मिनिटांवर आणला. एकदा पाहणीला आले, म्हणाले, छान आहे हे.” त्यांनी बुटांकडे पाहिलं. “आधी संस्थेत, मग या पथकात. तेव्हापासून मी प्रवासात आहे. दोन वर्षांसाठी म्हणाले होते.”

“किती झाली?” ताईंनी विचारलं.

“मोजणं सोडलं. माझी आई आता माझ्याशी फोनवर पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते.”

साहेबांनी दोघींसाठी चहा मागवला. आमच्याकडे सहानुभूतीची ती सर्वोच्च पायरी आहे.

अहवाल महिन्याभराने आला. त्यात लिहिलं होतं की केंद्राची ‘दर अर्ध्या तासाने कळवण्याची’ पद्धत उत्तम असून ती सर्व केंद्रांत लागू करावी. मात्र त्यासाठी कोणत्याही विशेष कौशल्याची किंवा विशिष्ट व्यक्तीची आवश्यकता दिसत नाही. एकदा आवाज मुद्रित करून घेतल्यास यंत्राने भागेल.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सुंठीवाचून खोकला गेला. रात्रपाळीच्या प्रमुखाने ताईंच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा आणून ठेवला.

ताईंनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. “कोणत्याही विशेष कौशल्याची नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला वाचवायला लिहिलंय हो तिने,” साहेब म्हणाले.

“ते कळलं मला. छान लिहिलंय. फक्त जरा जास्त मनापासून लिहिल्यासारखं वाटतं.”

आवाज आमच्याच खोलीत मुद्रित झाला. ‘ताई बोलतेय’ हे शब्द मुख्य कार्यालयाने काढायला लावले, कारण इतर शहरांत ताई कोण हे विचारतील. आता सगळ्या केंद्रांतून दर अर्ध्या तासाला यंत्र ताईंच्या आवाजात सांगतं, काही नवीन नाही. एका केंद्राने बिघाड नसतानाही ते चालू ठेवलं आहे, आणि त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. आमच्या शहरातले लोक यंत्राचा फोन ऐकून घेतात आणि मग ताईंना फोन करून विचारतात, “खरंच काही नवीन नाही ना?” त्यामुळे ताईंचं काम दुप्पट झालं, पण बदली टळली.

अहवाल आला त्या संध्याकाळी ताई घरी गेल्या. हे पुढचं त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं, मोठ्या आवाजात, शिस्तीप्रमाणे.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “माझी बदली व्हायची होती. दोन वर्षांसाठी. टळली.”

बाबा खिडकीपाशी बसले होते. “म्हणजे तू जाणार नाहीस.”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात. काळजी करू नका.”

“बरं,” बाबा म्हणाले. मग पलंगाकडे बोट करून म्हणाले, “जरा ती पलंगाखालची बॅग काढ.”

ताईंनी काढली. बॅग जड होती. आत घड्या घातलेले सदरे होते, स्वेटर, चष्म्याचं जास्तीचं घर, फिरायला जायचे बूट आणि तळाशी पत्त्यांचा कॅट.

“हे काय?”

“थोरल्याने सांगितलं होतं. तू विचारलंस ना त्याला, ठेवून घेशील का म्हणून. त्याच दिवशी भरून ठेवली.” बाबांनी बूट हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले. “आता रिकामी करावी लागेल.”

“तुम्हाला दादाकडे जायचं होतं?”

“त्यांच्याकडे लिफ्ट आहे.”

“अहो, पण ती लिफ्ट तुम्हाला—”

“खाली बाग आहे. चार जण बसतात तिथे. एक तर माझ्याच शाळेतला निघाला. पत्ते पिसायला बसला की लबाडी करतो, पण ठीक आहे. इथे मी खाली उतरून किती दिवस झाले, माहीत आहे का तुला?”

ताईंना माहीत नव्हतं. त्यांनी तो हिशेब कधी ठेवलाच नव्हता. बाबा घरी आहेत, म्हणजे ठिपका हिरवा आहे.

“मग तिथून आल्यावर आठवडाभर गप्प का होतात?”

“तिथून आलो होतो म्हणून.”

ताई पलंगावर बसल्या. “मला का नाही सांगितलंत? मी रोज विचारते तुम्हाला, काही नवीन आहे का.”

“हे कुठे नवीन आहे?” बाबा म्हणाले. “हे जुनंच आहे.”

हे सांगून झाल्यावर ताईंनी डबा उघडला आणि कोणाकडे न बघता जेवल्या. साहेबांनी टाचणी सरळ केली. मुनी आपल्या टेबलावरून उठला, खिशातली काकांची एक चिठ्ठी काढून ताईंच्या फोनवर चिकटवली आणि परत जाऊन बसला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ही तार दुसऱ्या बाजूने तपासावी’.

रविवारी दादा गाडी घेऊन आला. रात्रपाळीचा प्रमुख आणि साहेब मदतीला गेले. खुर्चीत बसवून बाबांना तीन मजले उतरवलं, बॅग आधीच खाली होती. बाबांनी जाताना सगळ्यांशी हात मिळवले. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली घेतली आणि ताईंना म्हणाले, “तुझं जेवणाच्या सुट्टीतलं उगाचचं पळणं वाचलं.” ताई म्हणाल्या, “पळायची सवय आहे मला.” दोघांनाही यापेक्षा जास्त बोलायचं होतं, असं साहेबांचं मत आहे. आम्हाला मत नाही. आम्ही तिथे नव्हतो.

सोमवारी नेहमीच्या वेळेला केंद्रात फोन वाजला. ताईंनी पहिल्या घंटेला उचलला.

“बाबा बोलतोय.”

“बोला बाबा. कसं आहे तिकडे? बागेत जाऊन आलात?”

“नाही.”

“का? शाळेतला तो मित्र नाही आला?”

“आलाय. वरून दिसतोय. हात करतोय.”

“मग?”

“लिफ्ट बंद आहे. काल रात्रीपासून. कधी चालू होईल, ते कोणी कळवलेलं नाही.”